सर्जेराव उलटा का पळाला

आधी बसा. उभ्यानं चौकशी करायला हे पोलीस ठाणं नाही, खानावळ आहे, आणि साडेबाराला माझ्या दारातून जो आत येतो तो जेवायला आलाय असंच मी धरते — ती पिशवी बाकाखाली सरकवा, पायात येतेय — आणि तो कागद राहू द्या खिशात, वाचला मी. तुमच्या हातात होता, माझ्या बाजूनं उलटा, तरी वाचला. मला सरळ अक्षरांपेक्षा उलटी लवकर लागतात. शाळेत माझा भाऊ जायचा, मी नाही. तो पाटी घेऊन बसला की मी त्याच्यासमोर भाकऱ्या थापत बसायची, आणि समोरून जे दिसेल ते शिकायची. दोन वर्षं मी सगळी मराठी उलटी वाचली, मग सरळ केली. मग इंग्रजी — ती मात्र सरळच, बुधवार पेठेतून जुना शब्दकोश आणून, ह्याच बाकावर, दुपारची गिऱ्हाईकं गेल्यावर. तेव्हा तुमच्या कागदावर काय आहे ते मला कळलं. 'पुणे झुंजार संघाचे खेळाडू सर्जेराव हे अखेरच्या सामन्यात जाणूनबुजून विरुद्ध दिशेने धावले किंवा कसे.' किंवा कसे. अहो, लीगचे अधिकारी तुम्ही, मुंबईहून गाडी करून आलात, आणि विचारायचं ते 'किंवा कसे'. मुद्दाम पळाला का, असं विचारा की. भाकरी घेणार का पोळी? भाकरी घ्या. पोळ्या संपल्या.

आणि आधीच सांगते, इथं जेवण झालं की ज्याचं ताट त्यानं उचलायचं. मोरीत न्यायचं, विसळायचं, पालथं घालायचं. मग तो कुणी का असेना. तो तुमचा अमेरिकन कोच, वॉल्टर, सहा फूट चार इंच, पहिल्या दिवशी मोरीच्या दाराला कपाळ आपटून घेतलं त्यानं, पण ताट विसळलं. आप्पासाहेबांनी नाही विसळलं. संघाचे मालक ना ते. ताट तसंच टाकून गेले, तर मी ते खरकटं ताट रिक्षात घालून त्यांच्या बिबवेवाडीच्या ऑफिसात पाठवून दिलं. आमटीसकट. परत आलं ते घासून आलं. कोणी घासलं ते मी विचारलं नाही.

आप्पासाहेबांचं काय सांगू तुम्हाला — तुमच्याच लीगनं गाठला तो माणूस, तुम्हीच ओळखा. त्यांच्या रानात कांदा यायचा तोवर बरा होता, मग इमारती यायला लागल्या आणि त्यांना वाटायला लागलं आपल्याला सगळ्यातलं कळतं. लीगवाले आले, म्हणाले फुटबॉलचा संघ घ्या. ह्यांनी घेतला. कागद वाचले का? कशाला वाचतील. फुटबॉल म्हटल्यावर फुटबॉल. मग खोकी आली, त्यात ती डोक्यावरची टोपली निघाली, जाळीची, तर म्हणतात एवढ्या मोटारसायकली कुणाच्या? आणि चेंडू निघाला तर म्हणाले, हा दबलाय, बदलून आणा. रताळ्यासारखा तो चेंडू — तो तसाच असतो हे त्यांना कळायला तीन दिवस लागले, आणि ह्या खेळात पाय क्वचित लागतो हे कळायला दोन सामने. हा माणूस संघाचा मालक. आणि चौकशी कुणाची, तर सर्जेरावाची.

बरं, माणसं जमवली ती कशी? अमेरिकेत म्हणे पोरं आठव्या वर्षापासून हा खेळ खेळतात. इथं आठ आठवडे होते. आप्पासाहेबांनी तालमीतले पैलवान आणले, कबड्डीचे गडी आणले, आणि लांबून चेंडू फेकायला एक क्रिकेटवाला आणला, मन्सूर — तो एकटा त्यातल्या त्यात बरा, मी उगीच कुणाला बरा म्हणत नाही. आणि वॉल्टरसाहेबांनी त्यांना इंग्रजीत समजावलं. दिवसभर समजावलं. सगळ्यांनी मान डोलावली. आपल्याकडे मान डोलावली म्हणजे कळलं असं नसतं, जेवायची वेळ झाली असं असतं, पण ते त्या बापड्याला कोण सांगणार.

मग पहिला सामना. आमचा दत्तोबा, पैलवान, सव्वाशे किलो, सकाळी बारा अंडी — त्याचं काम काय, तर समोरच्याला अडवायचं, चेंडूवाल्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही. दत्तोबानं समोरच्याला उचलला, पाठीवर आपटला, दोन्ही खांदे जमिनीला टेकवले. कुस्ती झाली. चितपट. मग दत्तोबानं काय करावं? उठला, मांडीवर थाप मारली, आणि हात वर करून चारी बाजूंना फिरला, नमस्कार घेत. तेवढ्यात तो चितपट झालेला गडी उठला, दत्तोबाच्या पाठीमागून गेला आणि मन्सूरला आडवा केला. असं एकदा नाही, एका सामन्यात नऊ वेळा. वॉल्टर डोकं धरून बसला. त्याला वाटलं हा पैलवान विकला गेलाय की काय — बघा, तेव्हाही तुम्हा लोकांना पहिल्यांदा तेच सुचलं. अहो, ज्याला जन्मभर शिकवलंय की माणूस पाठीवर पडला की संपलं, तो पडल्यानंतर कशाला थांबेल त्याच्या उरावर?

हरले. हरतच गेले. पहिला हरले, दुसरा हरले, चेन्नईत हरले, कोलकात्यात असे हरले की तिथल्या गुणफलकवाल्यानंच मध्ये चहा घेतला. नऊ सामने, नऊ पराभव, आणि रोज रात्रीचं जेवण माझ्याकडे. पंचवीस माणसं तोंड पाडून भाकरी खायची. मला तोंड पाडून जेवलेलं चालत नाही. रागावून जेवा, भांडून जेवा, पण ते मेल्या घरचं जेवण माझ्या बाकांवर नको. तेव्हा मी त्या वॉल्टरकडून नियमाचं पुस्तक मागून घेतलं. तो हसला. द्या म्हटलं, हसायचं ते नंतर हसा. एकशे दहा पानं, बारीक अक्षर. अकरा दिवसांत वाचलं मी ते, शब्दकोश घेऊन, आणि बाराव्या दिवशी त्याला विचारलं की बाविसाव्या पानावर तुमच्याकडे अमुक लिहिलंय आणि तुम्ही पोरांना तमुक का सांगता? हसायचा बंद झाला.

काय असतं हो त्या खेळात एवढं? काही नसतं. चार डाव मिळतात, चारांत दहा यार्ड पुढं जायचं, गेलात तर आणखी चार. चेंडू घेऊन पलीकडची शेवटची रेघ ओलांडली की सहा गुण. संपलं. एवढ्यासाठी एकशे दहा पानं. मी काय केलं, जेवणानंतर ह्या टेबलावर मोड आलेली मटकी आणि वाल मांडायला लागले. मटकी म्हणजे आपली माणसं, वाल म्हणजे त्यांची, मन्सूर म्हणजे एक शेंगदाणा. आणि मराठीत सांगितलं. दत्तोबाला सांगितलं, बाबा, पाठीवर पाडलास ना, आता तिथंच बस त्याच्यावर. उठायचं नाही. नमस्कार-चमत्कार नाहीत. शिट्टी वाजेपर्यंत बसायचं. त्याला कळलं. एका वाक्यात कळलं हो. सबंध मोसमात कोणी त्याला ते एक वाक्य सांगितलं नव्हतं.

कोशिंबीर घ्या. संकोच कसला, चौकशीवाल्यांनी संकोच करायचा नसतो.

सर्जेराव. येतेच त्याच्यावर. सर्जेराव आप्पासाहेबांनी आणला असं त्यांच्या कागदात असेल, ते खोटं आहे. सर्जेराव माझा. बिबवेवाडीत आमच्या घरामागं मैदान होतं, आता तिथं गाड्या लावतात, तिथं मी वीस वर्षं कबड्डी शिकवली. पगार नाही, पाटी नाही, पदवी नाही — एका संघटनेच्या माणसानं मला विचारलं होतं, तुमचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र कुठंय? मी म्हटलं उतरा मैदानात, दाखवते. नाही उतरला. मी स्वतः खेळले ते नऊवारीचा कासोटा मारून, लग्नानंतर, सासऱ्यांना कीर्तनाला जाते म्हणून सांगून. एकोणिसशे अठ्ठावन्न साल. माझ्या चढाईला पकड नव्हती कुणाची. कोणी शिकवलं? कोणी नाही. कठड्यावरून पुरुषांचं बघितलं आणि शिकले, समोरून, उलटंच.

सर्जेराव तिथं नऊ वर्षांचा असताना आला, हातपाय काड्यांसारखे. त्याला मी एकच गोष्ट शिकवली, दहा हजार वेळा शिकवली. चढाई म्हणजे काय? समोरच्यांच्या अंगणात जायचं, दम एकच, हात लावायचा — आणि फिरायचं. दम तुटायच्या आत आपल्या घरी. हात लावणं सोपं असतं, माजोरी पोरं हात लावतात आणि तिथंच नाचतात, धरली जातात. परत येतो तो खेळाडू. मी रेषेबाहेर उभी असायची आणि हात लागला रे लागला की ओरडायची, 'घर'. एकच शब्द. त्याचा पाय विचार न करता वळायचा. पायालाच शिकवलं होतं मी, त्याला नाही. राज्याच्या संघापर्यंत गेला त्या एका शब्दावर.

ही रताळ्याची नोकरी धर म्हणून त्याला मीच सांगितलं. कबड्डीत वय सरत आलं होतं, आणि झुंजारमध्ये एक वर्ष काढलं तर शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा मिळण्यासारखी होती. मिळालीही, जूनपासून रुजू व्हायचं. आता शाळेनं कळवलंय की लीगचा निकाल येईपर्यंत थांबा. म्हणजे तुमचा. तुम्ही त्या कागदावर 'मुद्दाम' लिहिलंत की ती जागा गेली आणि हा माणूस पुन्हा कुठल्या मैदानावर उभा राहिला की लोक म्हणणार, तो बघा उलटा पळालेला. ठाऊक आहे मला. म्हणूनच तर तुम्हाला भाकरी वाढली, नाहीतर दारातूनच वाटेला लावलं असतं.

मी मैदानावर जात नाही. लिहून घ्या. नऊ सामन्यांना गेले नाही, दहाव्याला गेले नाही. डबे टेम्पोतून जातात. मला जे ठाऊक आहे ते सगळं पोरांच्या तोंडून.

तर दहावा सामना. हैदराबादवाल्यांशी, आपल्याच मैदानावर. बघायला दीडशे माणसं, त्यातली निम्मी आप्पासाहेबांच्या बांधकामावरून ट्रकनं आणलेली. आणि त्या दिवशी, काय सांगू, सगळी मटकी जागच्या जागी. दत्तोबानं माणूस पाडला आणि बसला त्याच्यावर, गणपती बसावा तसा. मन्सूरनं चेंडू हातात ठेवायचा तेवढाच ठेवला. शेवटचा डाव उरला तेव्हा त्यांचे सतरा, आपले तेरा. वेळ संपत आलेली, पण ह्या खेळात वेळ संपली तरी चालू डाव पुरा करतात, पान त्रेचाळीस. सहा गुण मिळाले की एकोणीस. मोसमातला एक तरी सामना. एक. त्यासाठी ती पंचवीस माणसं चार महिने माझ्याकडे मान खाली घालून जेवली होती.

मन्सूरनं फेकला. सर्जेरावानं धरला, आणि पळाला. सत्तर यार्ड. एका दमात — मी खरंच सांगते, एका दमात, त्या टोपलीच्या आत तो कबड्डी कबड्डी म्हणत होता, ओठ हलत होते. वॉल्टरनं ती खोड मोडायला चार महिने घालवले, मोडली नाही. एकेक वाल मागं पडला. शेवटी एकच राहिला, रेघेच्या दोन पावलं अलीकडे, उंच, लालसर दाढीचा. सर्जेरावानं उजवीकडे झुकल्यासारखं केलं, डावीकडून निघाला आणि जाता जाता त्याच्या खांद्यावर हात मारला — नुसता, टिचकीसारखा, त्या खेळात त्याची गरजच नाही, पण हात सवयीनं जातो. तो गडी भलतीकडेच झेपावला, फक्की उडाली त्या रेघेची, माझ्या चपलांवर, साडीच्या काठावर —

पापड देऊ का? नको?

जेवायचं का थांबलात?

टेम्पो बंद पडला होता. झालं समाधान? टेम्पो बंद पडला म्हणून रिक्षात डबे घालून मी गेले. त्या टोकाला उभी होते, शेवटच्या रेघेमागं, डब्यांपाशी. कुणी विचारलं नाही. सत्तरी उलटलेल्या बाईला डब्यांपाशी कोण विचारतंय. आणि तो येत होता समोरून, सरळ माझ्याकडे. एकशे दहा पानं पाठ होती मला. त्या मैदानावर, वॉल्टर धरून, एकशे दहा पानं पाठ असलेलं माणूस एकच होतं. आणि त्याचा हात त्या गड्याच्या खांद्याला लागला, आणि मी —

मी 'घर' म्हणून ओरडले.

काय बघताय? ओरडले. पन्नास वर्षांचं आहे ते, गळ्यात नाही, छातीत बसलेलं. मटकी नाही, वाल नाही, पान नंबर नाही. हात लागला, ओरडले. आणि त्याचा पाय वळला. दोन पावलं राहिली होती. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा, त्या जाळीतून, आणि पाय वळलेला होता. तसाच परत पळाला, आपल्या घराकडे, चेंडू छातीशी धरून, आणि पळताना खूश होता हो. चाळीस यार्ड खूश होता. मग दत्तोबा त्याच्या आडवा आला, ओरडत, फिर फिर म्हणून. आणि मग त्याला कळलं. कळलं ते मला एवढ्या लांबून दिसलं, पाठमोऱ्या माणसाला कळलेलं कधी दिसतं का? दिसलं. उभाच राहिला. मग त्या हैदराबादवाल्यांनी पाडला त्याला, सातआठ जणांनी, वर चढून. शिट्टी झाली.

मी काय केलं? मी निघाले. डबे तिथंच टाकून, मागच्या फाटकातून, रिक्षा करून घरी. आप्पासाहेबांना ताट पाठवणारी मी.

त्या संध्याकाळी तो जेवायला आला. सगळे आले, कुणी त्याच्या शेजारी बसलं नाही, मीच बसवलं दोघांना दामटून. मला वाटलं आता बोलेल. चारचौघांत म्हणेल, बाई, तुम्ही ओरडलात. मी तयारी ठेवली होती, उत्तर तयार होतं, मी सोडते काय — म्हणणार होते, मी ओरडले तर तुला डोळे नव्हते का? रेघ दिसत नव्हती? गाढवा, आकडे लिहिलेत जमिनीवर. सगळं तयार होतं. बोलला नाही. भाकरी खाल्ली, दुसरी मागून घेतली, ताट विसळलं, पालथं घातलं, येतो बाई म्हणाला. रोज तेच. वीस दिवस झाले, रोज येतो. लीगला लिहून दिलं, माझी चूक, मला दिशा कळली नाही. दिशा कळली नाही म्हणे. हा चांगुलपणा असतो ना, ह्याचा मला तिटकारा आहे. समोरच्याला भांडायलासुद्धा जागा ठेवत नाही. मी त्याला काय शिकवलं, खोटं लिहायला? मी इतके दिवस वाट बघतेय तो कधी तोंड उघडतो ह्याची, आणि तो वाट बघत नाहीये कशाचीच. मला वाटतं त्याला वाटतंय मला ठाऊकच नाही. किंवा ठाऊक आहे हे ठाऊक आहे त्याला. जाऊ द्या. माझं डोकं चालत नाही त्यात, मी पुस्तकातलं वाचू शकते.

आणा तो कागद. पेन आहे माझं. आता तो 'किंवा कसे' खोडा आधी, सही करते ती स्वच्छ मराठीवर करते. लिहा. सर्जेराव मुद्दाम पळाला नाही, रेघेमागून मथुराबाईनं घर म्हणून हाक दिली म्हणून वळला, आणि मथुराबाईला नियम पूर्ण ठाऊक होते. ते शेवटचं गाळू नका. तेच महत्त्वाचं आहे. नियम ठाऊक नसलेली म्हातारी ओरडली असं कुणी म्हणायला नको. शाळेला एक प्रत जाऊ द्या, आप्पासाहेबांना एक, आणि वॉल्टरला इंग्रजीत मी स्वतः लिहिते.

आता ती पिशवी द्या इकडे. अहो द्या, बाकाखाली सरकवलीत तेव्हाच खुळखुळली, माझ्या डब्याचं झाकण ओळखत नाही होय मी? नाव कोरलंय त्याच्यावर, मीच घातलंय कोरून. तिथंच कळलं की हा माणूस मैदानावरून डबा घेऊन आलाय, आणि तासभर एका शब्दानं बोलला नाहीत त्यावर. बरे निघालात. नुसते कागदावर वाईट लिहिता.

झालं जेवण? मग बसलात काय. दीड वाजला की मी दार लावते. ताट उचला — मोरी डावीकडे, कपाळ सांभाळा.